आईचा वाफा, आंब्याखालचा खळगा : मुलुंडच्या अंगणातल्या पाण्याच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

मागच्या खोलीची भिंत ऐन मार्चमध्येही हाताला गार लागते. रंगाचे पोपडे जमिनीपासून तीन फुटांपर्यंत चढले आहेत. चार वर्षं झाली, दर दिवाळीला आम्ही खरवडतो, पुट्टी भरतो, रंग मारतो, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. गेल्या जुलैत या भिंतीला लागून पाणी चार दिवस उभं होतं. आईची संध्याकाळी मागच्या दारात बसायची सवय डासांपायी सुटली. म्हणून यंदा भिंतीवर पैसा घालायचा नाही. अंगणातलं पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि जायचं तर कुठून जाईल, ते आधी शोधायचं. त्याच्या नोंदी या वहीत.

घराची माहिती एकदाच लिहून ठेवते. मुलुंड पूर्व, मिठागर रोडच्या आतली गल्ली. आजोबांनी १९६८ साली बांधलेलं बैठं कौलारू घर. जागा ६० बाय ४५ फूट. तोंड पश्चिमेला रस्त्याकडे, मागे पूर्वेला अंगण, आग्नेयेच्या कोपऱ्यात आंबा. फाटकाजवळच्या चेंबरमधून चार इंची पाईप रस्त्याच्या गटारात जातो. हायवेपलीकडे मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. आमच्या गटाराचं पाणी शेवटी त्या खाडीतच जातं, आणि भरती असली की जात नाही. इथला पाऊस मोजताना चंद्रही मोजावा लागतो.

१६ मार्च, रविवार

दादा डोंबिवलीहून सकाळीच आला. गवंड्यांकडे असते तशी पन्नास फुटी पारदर्शक लेव्हल पाईप आणली, पाणी भरून आतले बुडबुडे काढले. घराचं जोतं शून्य धरलं आणि अंगणात दहा-दहा फुटांवर खुंट्या ठोकून प्रत्येक जागा जोत्यापेक्षा किती इंच खाली आहे ते मोजलं. एकवीस खुंट्या, चार तास. डोळ्यांनी पाहून जे पंधरा वर्षांत कळलं नव्हतं, ते या चार तासांत कळलं.

आंब्याखाली जमीन जोत्यापेक्षा १४ इंच खाली. फाटकाच्या आत ११. फाटकाबाहेर रस्त्याची कड फक्त ८. म्हणजे रस्ता आमच्या अंगणापेक्षा उंच आहे. आजोबांच्या वेळी फाटकातून रस्त्यावर उतरायला दोन पायऱ्या होत्या असं आई सांगते. दरवेळी जुना थर न खरवडता वर नवा थर पडत गेला आणि पायऱ्या रस्त्याच्या पोटात गेल्या. आता आपलं अंगण म्हणजे बशी झालं आहे, हे धरूनच पुढचं सगळं करायचं.

पण मागच्या भिंतीचं दुखणं रस्त्यामुळे नाही. भिंतीला लागून आईचा जास्वंदीचा वाफा आहे, साडेतीन फूट रुंद. त्याची माती जोत्याखाली ६ इंचांवर, आणि त्याला घातलेल्या विटांच्या काठाचा माथा ४ इंचांवर. कौलांच्या पागोळ्या थेट या वाफ्यात पडतात. पाणी विटांच्या काठावर चढेपर्यंत बाहेर पडूच शकत नाही, मग ते भिंतीत जातं. काठाच्या पलीकडे २०१० साली घातलेले पेव्हर ब्लॉक. त्यांचा उतार दहा फुटांत दीड इंच, पण घराच्या दिशेने. तेव्हा काम करणाऱ्याने लेव्हल लावलीच नसणार, आणि आम्हीही विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार

आज फक्त हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी सगळं आपोआप सुटतं.

आमची जागा साधारण २५० चौ. मी. त्यात छप्पर पागोळ्यांसकट ९३. मागच्या उताराला त्यातलं निम्मं, ४६. दिवसाला १०० मिमी पाऊस मुंबईला नवा नाही. तेवढ्यात मागच्या वाफ्यात नुसतं छपरावरून ४,६०० लिटर पाणी पडतं. चार फूट रुंदीसुद्धा नसलेल्या मातीच्या पट्टीने ते प्यावं अशी आमची अपेक्षा होती.

शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिमी पावसासाठी, तीही ओहोटी धरून आखलेली. ती ताशी ५० मिमीपर्यंत वाढवावी अशी शिफारस १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात होती. ताशी २५ मिमी पडला तर आमच्या एकट्या अंगणातून तासाला सव्वासहा हजार लिटर त्या गटाराकडे जायला निघतात. गल्लीत अशी तेवीस घरं. सगळ्यांनी आपलं पाणी त्याच घटकेला गटारात लोटलं तर ते कुठे जाणार? म्हणून आमच्या कामाची दोन कलमं ठरवली. भिंतीपासून पाणी तातडीने दूर न्यायचं, आणि हद्दीबाहेर मात्र सावकाश सोडायचं.

२६ जुलै २००५ चाही हिशेब मांडून पाहिला. सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिमी नोंदला गेला होता. तेवढा आमच्या अंगणात पडला तर २ लाख ३६ हजार लिटर. त्या दिवशी आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं आणि आईने धान्याचे डबे माळ्यावर चढवले होते. त्या पावसासाठी हे काम नाही, ते होणारही नाही. हे काम दरवर्षी येणाऱ्या पावसासाठी आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

काम नाही. दुपारी श्रीखंडपुरीनंतर आईशी वाफ्याचं बोलले. ती बराच वेळ काही बोलली नाही. जास्वंदी बाबांनी लावलेल्या, रोज पूजेला फुलं त्यांचीच.

“अगं, भिंतीला झाडांनी काय होतंय? उलट सावली पडते.”

तिला मागच्या खोलीत नेलं, तिचा हात भिंतीवर ठेवला आणि बाहेर वाफा नेमका कुठपर्यंत येतो तिथे खडूने रेघ ओढली. पोपड्यांची सुरुवात आणि ती रेघ एकच. ती म्हणाली, “मग हलव. पण पाडवा झाल्यावर. आणि सगळ्या एकदम नको.”

६ एप्रिल, रविवार

ज्याला विचारावं तो म्हणतो, शोषखड्डा मारा. दहा फूट खोल खणा, विटांचे तुकडे भरा, पाणी जमिनीत जाईल, पुण्यही लागेल. मनापासून पटलं होतं मलाही. पण आधी जमीन पाणी पिते का ते पाहायचं ठरवलं.

तीन ठिकाणी फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डे घेतले. काल रात्री काठोकाठ भरून ठेवले, म्हणजे कोरडी माती हावरटासारखं पाणी ओढते तो भाग निघून जातो. आज सकाळी पुन्हा भरले आणि पट्टी उभी करून दर अर्ध्या तासाने पातळी लिहिली. फाटकाजवळ, जिथे मुरमाची भर आहे, तासाला ६ सेंमी उतरलं. अंगणाच्या मध्यावर २. आंब्याजवळ, जिथे सगळं पाणी जमतं तिथे, तासाला जेमतेम १. त्या खड्ड्याची माती हातात घेऊन दाबली तर मेणासारखी वळली. दीड फुटाखाली निळसर काळी चिकण माती लागते. ही जुनी खाडीकाठची जमीन आहे.

आणि हा एप्रिल. जुलैत इथे जमिनीतलं पाणीच वर येतं, शेजारच्या जुन्या विहिरीत तेव्हा वाकून हात बुडवता येतो. दहा फुटी शोषखड्डा पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात खालूनच भरला असता, आणि आमचे पैसे त्यात बुडाले असते. चढावरच्या मुरमाड जमिनीला, टेकडीकडच्या मुलुंड पश्चिमेला तो उत्तम. इथे नाही. शोषखड्डा रद्द. त्याऐवजी आंब्याच्या अलीकडे उथळ, पसरट खळगा करायचा, पाणी काही तास धरून ठेवणारा.

१४ एप्रिल, सोमवार

मिस्त्री येऊन गेले. पन्नाशीचे आहेत, विटांपेक्षा मातीत जास्त रस असलेला माणूस. आकडे वाचून दाखवले तर त्यांनी स्वतःची लेव्हल लावून चार खुंट्या पुन्हा तपासल्या. मला ते आवडलं. आराखडा असा ठरला (आकडे जोत्याखालचे) :

भिंतीलगत तीन फूट रुंद पक्की पट्टी, भिंतीपाशी ६ इंच, बाहेरच्या कडेला ७. भिंत आणि पट्टीच्या सांध्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई. तिथून पुढे दहा फूट मातीचा उतार, ७ पासून १२ पर्यंत, त्यावर हिरवळ. उताराच्या पायथ्याशी उथळ चर, तो आंब्याकडच्या खळग्यात. खळगा १६ बाय १० फूट, तळ २३ इंचांवर. खळग्याच्या तळापासून तीन इंच वर चार इंची पाईप, दक्षिणेच्या कुंपणाकडेने साठ फूट, फाटकाजवळच्या चेंबरपर्यंत; उतार शंभरास एक. चेंबरमधून गटारात जाताना झडप, म्हणजे भरतीला गटार तुंबलं की उलटं पाणी आत येणार नाही.

दादाने पंपाचं विचारलं. गटार तुंबलेलं असताना पंप पाणी टाकणार कुठे? रस्त्यावर. आणि रस्त्याच्या पलीकडची चाळ आमच्यापेक्षा खोलगट. पंप नको.

खळग्यातून निघणारी माती साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. तीच भिंतीकडच्या उताराला वापरायची. मी म्हटलं, तिथे चांगली खतमाती घालू, हिरवळ धरेल. मिस्त्री म्हणाले, “ताई, भिंतीजवळ भुसभुशीत माती म्हणजे पाण्याला आमंत्रण. तिथे चिकण मातीच बरी, ठोकून बसवलेली. वर फक्त दोन इंच तुमची खतमाती.” हे वहीत ठळक लिहून ठेवते आहे, कारण बागेचं आणि पाण्याचं गणित इथे उलटं असतं.

२० एप्रिल, रविवार

जास्वंदी हलवल्या. उन्हाळ्यात झाड हलवू नये हे माहीत आहे, पण पावसाची वाट पाहिली तर उतार राहतो. पाचही झाडं एक तृतीयांश छाटली, संध्याकाळी मातीच्या गड्ड्यासह गोणपाटात बांधून उत्तरेच्या कुंपणाशी लावली, वर गोणपाटाचीच सावली. प्रत्येकीच्या चार-चार फांद्या कुंडीत लावून ठेवल्या, एखादी गेली तरी वंश राहील. आई खुर्ची घेऊन शेवटपर्यंत बाजूला बसली होती.

२७ एप्रिल, रविवार

विटांचा काठ काढला. मग पेव्हर उचलायला घेतले आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं. पेव्हरखाली रेती असेल, रेतीखाली खडी असेल, फटींतून पाणी मुरत असेल असं मी इतकी वर्षं समजत होते. खाली चार इंचांचा सलग सिमेंटचा कोबा निघाला. म्हणजे वरून जाळीदार दिसणारी ती फरशी खरं तर झाकण होती. पेव्हर बसवून घेणाऱ्या प्रत्येकाने खाली काय घालताय ते समोर उभं राहून पाहावं. कोबा असेल तर त्या फटी फक्त गवत उगवायला.

कोबा फोडताना टिकाव नळाच्या जुन्या लोखंडी लाईनवर बसला. ती फूटभरसुद्धा खोल नव्हती. पाण्याची वेळ सकाळची असल्याने नुकसान टाकीपुरतंच. प्लंबर संध्याकाळी आला. लाईन कुठून जाते ते आधी विचारून, खणून पाहायला हवं होतं. आता नकाशात लाल शाईने काढली आहे.

४ मे, रविवार

खळगा खणून झाला. आंब्याच्या बुंध्यापासून बारा फूट लांब ठेवला, तरी दोन जाड मुळं आडवी आली. ती तोडली नाहीत, खळग्याची ती कड आत घेतली, त्यामुळे आकार वाकडा झालाय. आकार वाकडा चालतो. शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, आंबाच काढा की, पानांचा कचरा तरी थांबेल. त्यांना सांगितलं, पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी काढला नसता. उलट आंब्याच्या बुंध्याभोवती पूर्वी विटांचं गोल आळं करून वर फूटभर माती चढवली होती, ती आज उपसली. खोड मातीत गाडलं की साल कुजते.

काकांशी दुसरं बोलणं जास्त महत्त्वाचं झालं. आमच्या कुंपणाला खाली भोकं आहेत, त्यातून आमचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे झिरपायचं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त त्यांचं अंगण दोन वेळा उंच करून घेतलं. आज त्यांना आराखडा दाखवला. पूर्वेकडची भोकं आम्ही बुजवू आणि आमचा उतार सगळा आमच्याच खळग्याकडे राहील असं सांगितलं. ते म्हणाले, “हे वीस वर्षांपूर्वी बोललो असतो तर माझी मागची फरशी वाचली असती.” खरं आहे.

१८ मे, रविवार

पक्की पट्टी झाली, पाणी मारणं चालू. वाटा छान बसलाय. उताराची माती सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थर ओलवून, धुम्मस करून, म्हणजे ठोकून दाबून. पाईपचा चर अर्धा खणला आहे. कौलांच्या कडेला लावायची पन्हाळ अजून आलेली नाही. या महिन्यात वळीव सारखा येतोय, दोनदा काम थांबलं. मिस्त्रींचा अंदाज ५ जून. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो, म्हणजे हाताशी सहा दिवस राहतात.

२६ मे, सोमवार

राहिले नाहीत. वेधशाळेने आज मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचं जाहीर केलं, १६ दिवस आधी. काल रोहिणी लागल्या, मृग अजून लांब, आणि आमचा साठ फुटांचा चर उघडा.

पहाटेपासून धो-धो. ऑफिसला गेले नाही. चराच्या काठावर टाकलेला मातीचा ढीग, शनिवारी झाकायचा राहिला होता, तो नऊ वाजेपर्यंत अर्धा वाहून पाईपात आणि चेंबरमध्ये गेला. ताडपत्री टाकली तेव्हा उशीर झाला होता. झडप अजून दुकानातच. उद्याची अमावास्या, भरती मोठी, आणि अकराच्या पुढे गटाराचं पाणी चेंबरमधून कारंज्यासारखं आत येऊ लागलं. गोणपाटात माती भरून पाईपच्या तोंडाशी दाबली, वर पाटा ठेवला. अंगण भरत गेलं. दोन वाजता पाणी पट्टीच्या बाहेरच्या कडेला लागलं, म्हणजे जोत्याखाली ७ इंच. तिथे थांबलं. चारनंतर ओहोटीबरोबर उतरायला लागलं.

बातम्यांत वरळीच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरल्याचं दाखवत होते. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा जुना विक्रम मोडला.

रात्री मागच्या भिंतीपाशी बॅटरी घेऊन गेले. भिंतीलगत पाणी नाही. पागोळ्या पट्टीवर पडून बाहेर पळत होत्या. सगळा दिवस चिखलात गेल्यावर एवढं एक पाहिलं आणि बरं वाटलं.

१ जून, रविवार

आठवडाभर चेंबर आणि पाईप उपसणं. पाईपात तीन इंच गाळ बसला होता, काठी आणि पाण्याच्या प्रेशरने काढला. झडप बसली. आधी झडप, मग चर, मग माती हा क्रम असायला हवा होता. बाहेर जाणारी वाट आधी पक्की करायची आणि तिथून घराकडे यायचं. आम्ही घराकडून सुरुवात केली, कारण दुखणं तिथे दिसत होतं.

चर घाईत बुजवला. ओली माती धुम्मस केली की नुसती थलथलते, बसत नाही. मिस्त्रींनी सांगितलं, हा पुढे खचेल. मान्य करून बुजवला.

८ जून, रविवार

मृग. पाऊस मात्र दडी मारून बसलाय, त्यामुळे लावणीला चांगले दिवस मिळाले.

खळग्यासाठी झाडं निवडताना फार शोधावं लागलं नाही. कोकणातल्या प्रत्येक घरामागे मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू आणि केळ असते, कडेला कर्दळ. हीच झाडं पाय ओले ठेवून जगतात. तळाला अळू आणि कर्दळ. मधल्या उतारावर वाळा, ओळीने, नऊ-नऊ इंचांवर. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. वरच्या कोरड्या कडेला गवती चहा आणि दोन केळी. गुलाब, तुळस, शेवंती इथे नको, दोन दिवस पाण्यात राहिली की जातील.

उतारावर हिरवळीचे गालिचे आणले, पण पैशांचा विचार करून अर्ध्याच भागावर. उरलेल्या भागावर दूर्वा टोचल्या आणि त्या धरेपर्यंत काथ्याची जाळी अंथरून खुंट्या मारल्या. उघडी माती पावसात ठेवायची नाही हे २६ मेने शिकवलं.

कौलांना सहा इंची पन्हाळ लागली, दहा फुटांना एक इंच उतार. दोन उतरते पाईप, दोन्ही पट्टीच्या बाहेर, चराच्या तोंडाशी सोडले. तोंडाशी दगड रचले, नाहीतर पाणी पडेल तिथे खड्डा पाडतं. हलवलेल्या जास्वंदींपैकी दोन गेल्या. तीन फुटल्या आहेत. कुंडीतल्या फांद्यांना मुळं आली.

२६ जून, गुरुवार

काल अमावास्या, आज वर्षातल्या मोठ्या भरतींपैकी एक. दुपारी मुद्दाम घरी थांबून झडप पाहिली. गटार वर आलं, झडप मिटली, आमच्या बाजूला थेंब नाही. संध्याकाळी तिच्या सांध्यात प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला सापडला. आणखी थोडा मोठा असता तर झडप मिटलीच नसती. चेंबरच्या अलीकडे आणि झडपेच्या पलीकडे अशा दोन्हीकडे जाळी हवी. लावली.

२० जुलै, रविवार

दर रविवारी आठ वाजता : पन्हाळीतली पानं, दोन्ही जाळ्या, झडप बोटाने हलवून पाहणं, दगडांमधला गाळ. वीस मिनिटं लागतात. मोठ्या पावसानंतर वार न पाहता हेच. गेल्या आठवड्यात नारळाची झावळी पडून पन्हाळीचा एक ब्रॅकेट तुटला आणि तिथून पागोळी पुन्हा भिंतीकडे आली. एका रात्रीत पट्टीच्या सांध्यावर शेवाळाची हिरवी रेघ. शेजारच्या अंगणातला नारळ आहे. काकांनी स्वतःच माणूस बोलावून वाळक्या झावळ्या उतरवल्या.

नवी अडचण डासांची. खळग्याच्या तळातले, पाईपच्या खालचे तीन इंच पाणी जमिनीने प्यावं असा हिशेब होता. एप्रिलच्या आकड्याने आठ तास. आता तीन दिवस लागतात, कारण खालची माती तुडुंब आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणजे अजून धोका नाही, पण सलग पाऊस राहिला तर तळ कधी सुकणारच नाही. उपाय मिस्त्रींनी फोनवरच सांगितला. तीन इंच जाड खडी तळात पसरली, अळवाच्या मुळांभोवतीसुद्धा. पाणी खडीच्या आत राहतं, वर उघडं दिसत नाही. 

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पावसाने श्वास घेतलेला नाही. आज शाळा-कॉलेजं बंद. मिठी नदीचं पाणी वाढल्याने कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून लोकांना हलवलं. काल विहार तलाव भरून वाहू लागला.

अंगणातल्या उघड्या कट्ट्यावर उभ्या बाजूंचा स्टीलचा डबा ठेवला आहे, पट्टी लावून मोजते. काल सकाळी साडेआठ ते आज साडेआठ : २१७ मिमी. चोवीस तासांत २०४.५ मिमी किंवा त्याहून जास्त पडला की वेधशाळा त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. आमच्या हद्दीत ५४ हजार लिटर पडलं.

काल सकाळी १०: खळगा अर्धा, पाईप भरून वाहतोय. दुपारी १: गटार तुडुंब, झडप मिटली. अमावास्या अजून चार दिवस लांब, भरती लहान, गटार भरलं ते नुसत्या पावसाने. १.४०: खळगा काठोकाठ. खळग्यात मावतं २,८०० लिटर, ते इथे अर्ध्या तासाचंही नाही. मग आंब्याखालचं अंगण भरू लागलं, आराखड्यात होतं तसंच. ४: पाणी फाटकाच्या आतल्या पातळीला, ११ इंच. ५.३०: ९ इंच. आईने न सांगता डबे माळ्यावर चढवायला घेतले होते. ६: गटार जरा उतरलं, झडपेखालून पाणी सुटल्याचा आवाज आला. मी तो आवाज ऐकत फाटकाशी छत्री धरून उभी राहिले. ८: ११ इंच. रात्रीत पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. ९ च्या वर गेलं नाही.

एक ठिकाणी हरलो. पट्टीच्या दक्षिण टोकाला, जिथे पाईपचा चर घाईत बुजवला होता, तिथे जमीन दोन इंच खचली आणि पट्टीला तडा गेला. त्या कोपऱ्यात भिंतीलगत हातभर लांबीचं डबकं. गोणपाट टाकून पाणी बाहेर वळवलं आहे. मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एवढंच : “सांगितलं होतं ताई. पाऊस गेल्यावर उकरून थराथराने भरू.”

२१ ऑगस्ट, गुरुवार

अंगण मोकळं झालं. खळग्यातलं उघडं पाणी काल रात्री संपलं, पाऊस ओसरल्यापासून साधारण तीस तासांत. वाळ्याची एकही ओळ हललेली नाही. दूर्वांच्या भागात दोन ओघळ पडले, गालिच्यावर एकही नाही. पैसे वाचवायला नको होते. काकांच्या अंगणात आमच्या बाजूने पाणी आलं नाही असं त्यांनी आपणहून सांगितलं. उद्या पोळा, खळग्याच्या काठची ओली चिकण माती घेऊन आईने बैल केले.

२१ सप्टेंबर, रविवार

मागच्या खोलीची भिंत. दर पंधरा दिवसांनी पेन्सिलीने ओलीची रेघ मारते आहे. जूनमध्ये ३४ इंच, आज २२. दक्षिण कोपऱ्यात मात्र २९. पोपडे खरवडून भिंत तशीच उघडी ठेवली आहे, वाळायला. दिवाळीला रंग नाही. आई म्हणाली, पाहुणे भिंत बघायला येत नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार

खचलेला भाग उकरला. आत दोन मोठे ढेकूळ आणि त्यांच्यामध्ये मूठभर पोकळी, जूनमधली. मुरूम आणला, सहा इंचांचे चार थर, प्रत्येक थर नुसता दमट, चिखल नाही. धुम्मस केल्यावर बुटाची टाच उमटेनाशी झाली की पुढचा थर. तडा गेलेला पट्टीचा चार फुटी तुकडा कापून नवा ओतला, वाटा पुन्हा केला. दादा आणि मी लेव्हल पाईप घेऊन एकवीसही खुंट्या पुन्हा मोजल्या. सात नंबरची अर्धा इंच बसली आहे, पंधरा नंबरची पाव इंच. बाकी जागच्या जागी. खळग्यात गाळाचा एक इंच थर साचला होता, तो काढून जास्वंदींना घातला.

कुंडीतल्या फांद्यांपैकी सहा आता हातभर उंच आहेत. आईने जागा दाखवली, उत्तरेच्या कुंपणाशी, भिंतीपासून अकरा फुटांवर. मोजून घेतलं.